मैलोबाला छप्पर नको

लिहून ठेवणार: अभिमन झिपरू बैसाणे, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण सातवी नापास, धर्म बौद्ध, धंदा टॉवर लाईनवर फिटर, मूळ राहणार फाटकघर, मौजे सावरदरे, तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम सतलज नदीकाठचा कंत्राटदाराचा कॅम्प, रामपूरजवळ, हिमाचल प्रदेश.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि पाठीमागे कोणी उभं नसताना लिहीत आहे. तब्येत चांगली आहे. डोकं ठिकाणावर होतं का, असं पुढे कोणी कोर्टात विचारलं तर सांगावं, की आदल्याच दिवशी सकाळी हा माणूस दोन डोंगरांच्या मधल्या टॉवरच्या टोकाला चढला, इन्सुलेटरची माळ बांधली आणि जेवायला वेळेवर खाली आला. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस वेळेवर खाली येत नाही, वेळेच्या आधी येतो.

सत्तावीस वर्षांच्या माणसाने मृत्युपत्र करणं अपशकुनाचं आहे, असं माझ्या खोलीतला झुलाल म्हणतो. झुलाल शिंदखेड्याचा. मी त्याला विचारलं, आपण कमरेला बेल्ट बांधतो तो पडायचं ठरवून बांधतो का? हाही बेल्टच आहे. फक्त तो माझ्या कमरेला नाही, फाटकापासून पुलापर्यंतच्या वाटेला बांधायचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा पारोळ्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या बाँडरायटरांना सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, "भाऊ, साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार घे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नको. आणि मृत्युपत्रात गोष्टी लिहू नको." पहिल्या तिन्ही सूचना पाळल्या आहेत. चौथी पाळत नाही. नुसती जमीन कोणाला दिली एवढंच लिहिलं तर माझ्यामागे भांडण होईल. का दिली तेही लिहिलं, तर भांडणाऱ्याला निदान भांडायच्या आधी काही वाचायला मिळेल.

कलम १. माझ्या मालकीचं काय आहे

सावरदरे शिवारात फाटकघर नावाची एका खोलीची दगडी कौलारू इमारत, पुढची पडवी मी वाढवलेली. आणि त्या घराला लागून जुन्या लाईनीच्या बांधाचा पट्टा, फाटकापासून नदीवरच्या तीन कमानींच्या पुलापर्यंत. चतुःसीमा: पूर्वेस आधार नाना पाटील यांचं शेत, पश्चिमेस त्यांच्या काकू नर्मदाअक्का पाटील यांचं शेत, उत्तरेस पूल, दक्षिणेस फाटक. बांधाची रुंदी दोन बैलगाड्या अंग चोरून एकमेकींजवळून जातील एवढी. पूर्वेच्या बाजूने ती दरवर्षी थोडी कमी होते. त्याचं कारण कलम ६ मध्ये आहे.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. इंग्रजांच्या वेळेला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या कंपनीने रुईच्या गाठी मोठ्या लाईनीच्या स्टेशनापर्यंत न्यायला ही छोटी गाडी टाकली होती. गाठींच्या मागे एक डबा माणसांचा. पुढे ट्रक आले, कंपनी बसली. रूळ उपसले तेव्हा मी शाळेत होतो, म्हणजे शाळेत नाव होतं. रूळ गेले, लाकडी स्लीपर गेले. बांध, पूल आणि माझा बाप राहिले. बाकीचा सगळा बांध जिल्हा परिषदेकडे गेला आणि कागदावर पायवाट म्हणून लागला. हा पट्टा मात्र कंपनीने खासगी खरेदी केलेला होता म्हणून वेगळा विकायला निघाला, तो फाटकघरासकट मी टॉवरच्या पगारातून घेतला. सातबारा माझ्या एकट्याच्या नावे आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. अलीकडे पायवाट, पलीकडे पायवाट, मधला तुकडा माझा. हा तुकडा अडला तर दोन्हीकडच्या वाटा म्हणजे गवत वाढवायची जागा.

कलम २. ही वाट कशासाठी सांभाळायची

सावरदऱ्याहून नदीपलीकडे भिलटेकला जायला दुसरा रस्ता आहे. तो पाटील गल्लीतून जातो. माझी आई द्रौपदाबाई नवी नवरी असताना त्या गल्लीतून चपला हातात घेऊन चाललेली आहे. लाईन कंपनीची होती. कंपनीला गाठी माहीत, गाड्या माहीत, माणसांची आडनावं माहीत नव्हती. म्हणून आमचे लोक लाईनीच्या कडेने चालायला लागले, डोक्यावर हंडा आणि पायात चपला. पुढे बाकीचेही चालायला लागले, कारण वाट सरळ होती आणि पावसाळ्यात चिखल लागत नव्हता.

आज गल्लीत कोणी कोणाला काही म्हणत नाही, हेही लिहितो; मेल्यावर वाचायच्या कागदात खोटं नको. पण कोणी काही न म्हणणं वेगळं आणि कोणी काही म्हणूच शकत नाही अशी वाट असणं वेगळं.

माझा बाबा झिपरू बैसाणे कंपनीचा फाटकवाला. गाडीची वेळ झाली की दांडा खाली आणि त्यापुढे सगळे सारखे. आधार नाना तेव्हा जवान, छकडा पळवायचे. मी पडवीत बसून ऐकलेलं आहे.

"झिपरू, खोल ना फाटक. माले घाई शे."

"गाडीले बी घाई शे, नाना."

"कोठे शे गाडी? माले तं दिसत नही."

"तुमले दिसनावर मंग फाटक पाडीसन काय फायदा?"

छकडा थांबायचा. बैल शेपट्या हलवायचे. बाबा हिरवी झेंडी काखेत आणि लाल हातात धरून उभा राहायचा. मी आज एवढ्या उंच टॉवरवर चढतो, पण त्या दांड्याशेजारी उभा असलेला बाबा मला अजून त्यापेक्षा उंच वाटतो.

रूळ गेल्यावर बाबाने दांडा वर करून तारेने बांधून टाकला. म्हणाला, आता गाडी येत नाही, म्हणजे आता माणसांची पाळी. आणि मरेपर्यंत रोज सकाळी फाटक ते पूल फेरी. बाभळीचं रोप दिसलं की उपटायचं, पाण्याने घळ पाडली की दोन घमेली मुरूम टाकायचा. पगार कोणी देत नव्हतं. आई म्हणायची, "कंपनी मरी गयी, हाऊ अजून ड्यूटीवर शे." चिडून म्हणायची, पण भाकरी बांधून द्यायची.

कलम ३. मैलोबाची हकीकत

या कलमात जे आहे ते गावाला अर्धं माहीत आहे. अर्धं मी सांगतो. नर्मदाअक्काला विचारून सांगतो.

लाईनीला दर मैलाला घडीव दगड होता, त्यावर आकडा कोरलेला. रूळ गेल्यावर दगड जायला लागले. कोणी कपडे धुवायला नेला, कोणी उंबऱ्याला लावला, एक तर गव्हाणीत बसला. शेवटी फाटकाजवळचा नवव्या मैलाचा तेवढा उरला. एक दिवस बाबा सकाळी गेला तर त्याच्या बुडाशी पहार मारलेली, दगड कललेला. बाबा डोक्याला हात लावून तिथेच बसला. नर्मदाअक्का शेतात निंदायला आली होती.

"काय व्हयनं रे झिपरू? कोन मरनं?"

"अक्का, हाऊ बी जाई आते."

अक्काने कललेला दगड पाहिला, पहारीचं भोक पाहिलं. मग म्हणाली, "दगडले बठ्ठा नेतस. देवले कोन हात लाई?"

बाबाला उमगलं, दगडाचा देव केला तर तो वाचेल. पण बाबाने धर्म बदलला तेव्हा प्रतिज्ञा घेतलेल्या. म्हणाला, "अक्का, माले हाई जमाव नही. मनी प्रतिज्ञा शे."

"तुनी शे, मनी थोडीच शे? तू झेंडी धर आन तिकडे तोंड कर."

दोघांनी दगड सरळ केला, बुडाला माती ठोकली. दुसऱ्या दिवशी अक्काने पारोळ्याच्या बाजारातून शेंदूर आणला. बाबा हिरवी झेंडी हातात धरून पुलाकडे तोंड करून उभा राहिला आणि अक्काने नवाच्या आकड्यावरून तेलात कालवलेला शेंदूर फिरवला. मागे वळून बाबा म्हणाला, "आकडा झाकाई गया, अक्का." अक्का म्हणाली, "आकडा झाकाई गया म्हनीसन तं दगड वाचना."

आठवडा झाला नाही तोवर कोणीतरी फूल ठेवलं. मग नारळ. मग नाव पडलं, मैलोबा. कोणाची म्हैस सापडली, कोणाची सून नांदायला परत आली. आणि खरी गोष्ट अशी की अक्काचा मुलगा फौजेत भरती व्हायला गेला तेव्हा अक्का स्वतः तिथे हात जोडून उभी होती. बाबा हसला नाही. मला म्हणाला, "तिनी बनाडं, पन आते तिनाबी देव शे. आपलं काम दगड सांभाळानं, तिनं काम देव सांभाळानं. दोन्हीसनी राखन एकच."

दगड वाचला. पण शेंदूर लावताना आम्हा कोणाच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. देव झाला की त्याला देऊळ लागतं.

कलम ४. अखाजीला काय झालं

दोन वर्षांपूर्वी बाबा गेला. गेल्या वर्षी गावात मैलोबा जीर्णोद्धार कमिटी निघाली, अध्यक्ष आधार नाना. जीर्ण काय झालं होतं ते मला कळलं नाही. देवळाचा नकाशा झाला: गाभारा, सभामंडप, फरशी. बांध अरुंद, म्हणून मंडप या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी नानांना विचारलं, "नाना, मग वाट?"

नाना म्हणाले, "वाट मंडपमाईन जाई ना भो. देवना दर्शन करीसन पुढे जावानं. चांगलंच शे."

"दार असेल?"

"दार तं ऱ्हाईच. रातले कुत्रं-मांजर शिरस."

"आणि किल्ली?"

नाना वाईट माणूस नाहीत. किल्लीचा त्यांनी विचारच केलेला नव्हता. ज्याच्याकडे किल्ली असते त्याला तिचा विचार करावा लागत नाही.

माझा मोठा भाऊ पुना कमिटीत आहे. त्याला सांगितलंय, फरशीवर तुझं नाव पहिलं कोरू, "जागा देणार" म्हणून. जागा माझी, नाव पुनाचं. मी मेलो तर जमीन आईकडे जाईल, आणि आई पुनाला आजवर कशालाच नाही म्हणालेली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुद्दाम आलो. इथल्या कॅम्पातला माझा सोबती तोताराम बरोबर होता. त्याला आमच्या पुलावरची अखाजी पाहायची होती. आमच्याकडे अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. दुपारनंतर सावरदऱ्याच्या बाया पुलाच्या या टोकाला आणि भिलटेकच्या त्या टोकाला उभ्या राहतात आणि एकमेकींच्या गावाला गाण्यातून मनसोक्त शिव्या देतात. वर्षातून एकदा, राग न धरता. माझी बहीण कमलबाई भिलटेकला दिलेली, त्यामुळे ती दर अखाजीला लाईनीवरूनच येते आणि पूल ओलांडेपर्यंत कोणत्या गावाला शिवी द्यायची हे ठरवत असते.

त्या दिवशी फाटकाजवळ येऊन पाहतो तर बांधावर चुन्याने पाया आखलेला. कमिटीची माणसं दोरी धरून उभी. सण आहे, मुहूर्त चांगला आहे, म्हणाले. तेवढ्यात नर्मदाअक्का काठी टेकत आली. चुन्याची रेघ पाहिली, आणि त्या रेघेवरच बसली. पुलावरच्या बायांचं गाणं मध्येच थांबलं.

नाना म्हणाले, "काकू, ऊठ. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. तुना बापनी बी माले आठेच बठेल देखेल शे."

"देव उघडावर शे, काकू. लोके नावं ठेवतस गावले."

"इतला साल ऊनपानीमा ऱ्हायना. आते त्याले काय सर्दी व्हयनी?"

बाया हसल्या, दोन्ही टोकांच्या. नाना लाल झाले. म्हणाले, "काकू, देव गावना शे. तुना एकलीना नही."

मला वाटलं आता अक्का सगळं सांगून टाकते, पहार, शेंदूर, बाबाची हिरवी झेंडी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दगडाकडे पाहिलं. आणि म्हणाली:

"गावनाच शे. पन तो वाटवरना देव शे. वाट बंद करशात तं तो कसाना देव ऱ्हाई? त्याले छप्पर नको, नारळ बी नको. त्याले खडी लागस. ज्यानं काम व्हयनं, त्यानी एक टोपलं खडी बांधवर टाकानी."

"हाई कोनी सांगं?"

"मी सांगं. त्याले पहिला शेंदूर लावनारी मीच शे. तुम्ही माले इचारीसन देऊळ बांधी ऱ्हायनात का?"

मग माझी बहीण कमल पूल उतरून आली, नदीच्या पात्रातून गोटे भरून आणलेलं टोपलं तिच्या डोक्यावर होतं. पुलाजवळ बांध खचला आहे तिथे ओतलं. नाना म्हणाले, "कमल, तुम्ही तं नवस मानतस नही ना?" कमल म्हणाली, "नवस नही मानत नाना, बांध मानस." तिच्यामागून भिलटेकच्या दोन बाया आल्या, मग सावरदऱ्याच्या. ज्या मघाशी एकमेकींच्या गावाला शिव्या देत होत्या त्या एकाच घळीत टोपली ओतत होत्या, आणि टोपलं ओतताना उरलेली शिवी पूर्ण करत होत्या.

संध्याकाळपर्यंत चुन्याची रेघ पायांखाली पुसली गेली. नाना जाताना म्हणाले, "दिवाळीनंतर देखू." ते काही मागे हटलेले नाहीत. ते माझ्या गैरहजेरीची वाट पाहत आहेत. बघू द्या. हा कागद हजर राहील.

कलम ५. पट्टा कोणाला

फाटक ते पूल हा पूर्ण पट्टा मी माझी बहीण कमलबाई हिला देतो. भावाला सोडून लग्न झालेल्या बहिणीला का, असं विचारतील. जो माणूस त्या वाटेने येतो-जातो त्याच्याकडे वाट असावी. पुना सायकलवर गल्लीतून जातो, त्याला अडचण नाही आणि म्हणून त्याला काळजी नाही. कमल दरवर्षी दोनदा डोक्यावर गाठोडं घेऊन पुलावरून माहेरी येते. ती वाट विकणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारीही तीच. माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त शिकली आहे आणि कचेरीत आवाज चढवायला लाजत नाही.

अटी तीन. पट्ट्यावर भिंत, मंडप, दार, कुंपण, देऊळ, विहार, समाजमंदिर, माझा पुतळा, काहीही उभं करायचं नाही. विहार मुद्दाम लिहिला आहे. आपल्याही लोकांना छपराचा मोह होतो. दुसरी अट, कोण कुठला हे विचारून कोणाला जाऊ द्यायचं नाही आणि अडवायचंही नाही. तिसरी अट, कमलने पुढे हे कोणालाही द्यावं, पण ज्याला देईल त्याच्याकडून पहिल्या दोन अटी लिहून घ्याव्या.

मैलोबाचा दगड पट्ट्याबरोबर मी विकत घेतलेला आहे, म्हणून दगड कमलचा. त्यावरचा शेंदूर नर्मदाअक्काने आणलेला आहे, म्हणून शेंदूर अक्काचा. एकाला दुसऱ्यापासून वेगळं करता येत नसल्यामुळे दगड जागचा हलवता येणार नाही. बाँडरायटरांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "कायद्यात नाही, पण कोणी विरुद्ध सिद्ध करून दाखवावं." अक्काला जोवर चालता येईल तोवर शेंदूर तिने लावावा. पुढे कोणी लावायचा हे तिने ठरवावं. आमच्या घरचं कोणीतरी तेव्हा पुलाकडे तोंड करून उभं राहावं, ही माझ्या बाबाची रीत.

कलम ६. जुनी येणी

आधार नानांचा नांगर दरवर्षी बांधाचं एक तास, म्हणजे नांगराच्या एका ओळीएवढी जागा, खातो. आजपर्यंत खाल्लं ते मी सोडलं. यापुढे एक तासही नाही. कमलने मोजणी आणून दगड रोवावेत.

पुलाच्या कठड्याचे दोन घडीव दगड नानांच्या नव्या घराच्या ओट्याला आहेत. त्यांची कड मला अंधारातही ओळखू येते, लहानपणी त्यावर बसून पाय हलवले आहेत. परत बसवावेत अशी विनंती मी तोंडी दोनदा केली. आता विनंती करत नाही, नुसतं लिहून ठेवतो. हे मृत्युपत्र वाचलं जाईल तेव्हा लोक ओट्याकडे बघतील, आणि नानांना दारात चहा पिताना त्रास होईल, तेवढा पुरे. दगड परत बसले तर हा परिच्छेद वाचू नये.

पुना याने बाबाची पितळी शिटी भंगारात दिली. हे मी विसरलो नाही, पण पुना माझा भाऊ आहे हेही विसरलो नाही. त्याला माझी सायकल, रेडिओ आणि फाटकघरामागची शेवग्याची झाडं देतो. शेवगा चांगला लागतो. फरशीवर नाव कोरायची त्याची हौस मात्र राहून जाईल, त्याला इलाज नाही.

(वरच्या ओळीत खाडाखोड आहे ती माझीच. आधी दुसरा शब्द लिहिला होता, भावाला लिहू नये असा. बाजूला सही केली आहे.)

कलम ७. घर, बचत आणि हत्यारं

फाटकघरात आई द्रौपदाबाई हिने हयातभर राहावं. बँकेत जे असेल ते सगळं तिचं. आई, तू पुनाला दे, माझं काही म्हणणं नाही, पण आधी स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन कर. मोतीबिंदू पिकला आहे आणि तू दर वेळी "दिवाळीनंतर देखू" म्हणतेस. तू आणि आधार नाना, दोघांची एकच भाषा. आईच्या मागे फाटकघर पट्ट्याबरोबर कमलकडे जावं, पण पडवी वाटसरूला नेहमी मोकळी. माठ भरलेला असावा.

बाबाचा लाल-हिरव्या काचेचा कंदील, दोन्ही झेंड्या, खडी ठोकायची बीटर आणि रुळांचं माप घ्यायची लोखंडी पट्टी घरातच भिंतीला टांगून ठेवावी. त्यांना हात लावायची मुभा सगळ्यांना, घरी न्यायची कोणालाच नाही. शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा बाबाने शाळेला दिला होता, तो शाळेचाच. सातवीत मला नापास करणाऱ्या मास्तरांनी ती घंटा रोज वाजवली, तरी तो शाळेचाच.

माझा सेफ्टी बेल्ट, पान्हे आणि हातमोजे झुलालला. त्याचा बेल्ट जुना झाला आहे आणि तो नवा मागायला लाजतो. यात मिळकत अशी काही नाही, पण साक्षीदाराला काही मिळू नये म्हणतात, म्हणून झुलाल साक्षीदार नाही. तो रुसला आहे. बेल्ट पाहून रुसवा जाईल.

माझं लग्न झालं तर हे मृत्युपत्र मी बदलेन. बायको येईल तिने कलम ५ वाचून यावं. आई मुली पाहते आहे. दीपनगरच्या पावरहाऊसवर पहिल्यांदा टॉवर चढलो तेव्हापासून माझं एका जागी मन लागत नाही, हे तिने मुलीच्या घरी लपवू नये. ओरिसात होतो, राजस्थानात होतो, आता इथे बर्फाच्या डोंगरांत आहे, पुढे कुठे माहीत नाही. मी लोकांच्या घरांपर्यंत तारा नेतो आणि पुढच्या डोंगराला निघून जातो. पण ज्याला इतकं फिरायचं आहे त्याला परत यायला एक तरी वाट उघडी पाहिजे. ती मी विकत घेऊन ठेवली आहे.

कलम ८. माझं काही बरंवाईट झालं तर

देह एवढ्या लांबून न्यायचा खटाटोप करू नये. बाबाचा जलदानविधी झाला तसा साधा करावा. फोटो मोठा करून लावू नये. पुलाच्या अलीकडे, कमलने पहिलं टोपलं ओतलं तिथे बांध अजून भरायचा आहे. ज्याला माझ्यासाठी काही करावंसं वाटेल त्याने तिथे एक टोपलं खडी टाकावी. मैलोबाला म्हणून टाकली तरी चालेल, माझ्या नावाने टाकली तरी चालेल. बांधाला दोन्ही सारखंच.

आधार नाना, तुम्हीही टाका. तुमचं टोपलं उतरवायला कमल हात लावेल.

फाटकाचा दांडा बाबाने वर बांधलेला आहे. तार गंजली की नवी बांधावी. दांडा खाली आणू नये, माझ्या मयताच्या दिवशीसुद्धा.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं. हेच मला म्हणायचं होतं. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण: टॉवर लाईन कॅम्प, रामपूरजवळ, हिमाचल प्रदेश
दिनांक: ४ सप्टेंबर १९९४, रविवार, कामाला सुट्टी

(सही) अभिमन झिपरू बैसाणे

साक्षीदार १: अभिमनने माझ्यासमोर सही केली. मी स्टोअरकीपर आहे, वाचता येतं, सगळं वाचलं. मृत्युपत्र एवढं लांब नसतं असं माझं मत आहे.
(सही) भास्कर गंगाराम वाणी, राहणार साक्री, जिल्हा धुळे

साक्षीदार २: अभिमनने माझ्यासमोर सही केली. मला वाचता येत नाही, त्याने वाचून दाखवलं ते मी ऐकलं, आणि माझं म्हणणं भास्करभाऊंनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं. यंदा अखाजीला मी त्याच्याबरोबर त्या लाईनीवरून चाललो. अंगठा देण्याआधी एवढंच सांगतो. पडवीत बसून पाणी प्यालो, पूल ओलांडला, परत आलो. वाटेत पुष्कळ माणसं भेटली. ऊन लागलं का म्हणून विचारलं, जेवला का म्हणून विचारलं. कुठल्या जातीचा, कोणीच विचारलं नाही. ती वाट तशीच राहावी म्हणून मी साक्ष देतो.
(डाव्या हाताचा अंगठा) तोताराम रूपला पावरा, राहणार तालुका शिरपूर, जिल्हा धुळे